पदराआडचा खोकला

(मंडळाच्या वर्धापनदिनी हळदीकुंकवानंतर केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला बाहेरगावच्या कोणीतरी बाई येतात, छान बोलतात, आणि आपण टाळ्या वाजवून चहा पितो. यंदा कार्यकारिणीचे असे ठरले की कासुर्डीच्याच बाईने बोलावे, आणि ती पाळी माझ्यावर आली. माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषण म्हणून मी शाळेत एकदाच उभी राहिले होते, तेही अर्ध्यात विसरले. तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्या.

विषय दिला आहे ‘आरोग्य’. हात धुवा, पाणी उकळून प्या, पालेभाजी खा हे सगळे तुम्हाला माझ्याआधीपासून पाठ आहे. ते मी सांगत बसणार नाही. रोगाचा जंतू अंगात शिरतो कसा आणि आपले शरीर त्याच्याशी झगडते कसे, एवढेच सांगणार आहे. ते मला ठाऊक असण्याचे एक कारण आहे. त्या कारणाशी येते मी पुढे. थोडे धीराने यावे लागते त्याच्याकडे.

आधी साधे उदाहरण घेऊ. उसाच्या फडात पाचटाने पाय कापला नाही अशी आपल्यात एकही नसेल. दुसऱ्या दिवशी काय होते? जखमेची जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. आपण म्हणतो जखम चिघळली. पण ही सूज जंतूंनी आणलेली नाही बरे का, ती आपल्याच शरीराने आणलेली असते. कातडी म्हणजे आपले कुंपण. ते फाटले की मातीतले जंतू आत येतात. तशी तिथल्या रक्तवाहिन्या रुंद होतात, रक्तातले पाणी आणि पांढऱ्या पेशी बाहेर झिरपून त्या जागी धावतात. म्हणून लाली, म्हणून ऊब, म्हणून सूज. त्या पेशी जंतूंना अक्षरशः गिळतात आणि पोटात विरघळवून टाकतात, आणि त्यात स्वतःही मरतात. आपण ज्याला पू म्हणतो तो म्हणजे ह्या मेलेल्या शिपायांचा ढीग. मी हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला पुवाची किळस वाटेनाशी झाली.

आता पुढचे. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते. आमच्या सासूबाई त्यावर चुना-गूळ लावीत. पायाचे दुखणे जांघेत का, असे मी कधी विचारले नव्हते. तर जांघेत, काखेत, मानेला अशा बारीक गाठी आपल्या अंगात जन्मापासूनच असतात, त्या शरीराच्या चौक्या आहेत. जखमेच्या जागचे शिपाई जंतूचा तुकडा घेऊन चौकीवर येतात. तिथे हजार तऱ्हेच्या पेशी बसलेल्या असतात. त्यातली जी नेमकी ह्याच जंतूला ओळखते तिला निवडतात आणि मग तिच्यासारख्या लाखो तयार होतात. म्हणून चौकी फुगते. ह्या कामाला दिवस लागतात, कधी आठवडे. एकदा शिकलेल्या पेशींपैकी काही मात्र वर्षानुवर्षे टिकतात, आणि तोच जंतू पुन्हा आला तर वेळ लावीत नाहीत. लस म्हणजे दुसरे काही नाही, खरा चोर यायच्या आधी चौकीला दाखवलेला त्याचा फोटो.

ह्या चौक्याच कधी पडतात. पुण्यात 1897 साली प्लेग होता तेव्हा त्याला लोक गाठीचा ताप म्हणत. उंदरावरची पिसू चावली की जंतू आत, तिथून जांघेतल्या किंवा काखेतल्या चौकीत, आणि तो त्या चौकीतच वाढे. सावित्रीबाई फुले ह्याच रोगाने गेल्या, 10 मार्च 1897 ला. मुलगा यशवंत डॉक्टर होता, हडपसरकडे माळावर रोग्यांसाठी दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात आणले असे सांगतात. हडपसर म्हणजे आपल्या सोलापूर रस्त्यावरच की. आपण साडी घ्यायला पुण्याला जातो तेव्हा तिथूनच जातो. त्याच साली जानेवारीत मुंबईला हाफकिनसाहेबाने प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली होती. दोन महिन्यांचे अंतर. पण लस निघणे वेगळे आणि ती माणसापर्यंत पोचणे वेगळे.

हे झाले बाहेरचे. आता माझे सांगते.

2018 सालच्या दिवाळीनंतर मला खोकला लागला. आमच्या शेजारी गुऱ्हाळ आहे, त्यात चुलीचा धूर. मला वाटले त्याचाच. दुकानातून औषधाची बाटली आणली, संपली, दुसरी आणली. बाजारात एक जण सुई टोचतात त्यांच्याकडून दोनदा टोचून घेतले. त्यांच्या पाटीवर पदवी काय होती ते मी वाचले नाही, वाचून कळलेही नसते. खोकला चार आठवडे झाला, सहा झाला. संध्याकाळी अंग कसकसायचे, रात्री घाम येऊन उशी भिजायची. भूक म्हणून लागेना. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तेव्हा बायका म्हणाल्या, “बारीक झालीस, बरी दिसतेस.” आणि मी हसले!

मग एके पहाटे खोकले तेव्हा पदराला रक्ताचा ठिपका लागला. तो पदर मी कोणाच्या आधी धुऊन टाकला.

आपल्या आशाताईंनी मला त्या दिवशी विहिरीकडे गाठले. कसे ओळखले कोण जाणे. म्हणाल्या, “वहिनी, दोन आठवड्यांच्या वर खोकला असला की बेडका तपासायचा असतो. उद्या चला.” सरकारी दवाखान्यात दोन डब्या दिल्या, एकीत तिथेच थुंकायचे, दुसरीत सकाळी उठल्याउठल्या. फोटो काढला. वजन भरले 42 किलो, माझे 51 असायचे. दत्तजयंतीनंतर दोन दिवसांनी सांगितले, क्षय आहे.

हो. मला क्षय झाला होता. तुम्हाला मी पित्ताचे सांगितले होते. त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आले नाही, भिशी बंद केली, मंडळाच्या सहलीला नाही म्हटले, ते सगळे ह्यामुळे. इतकी वर्षे हे मी ह्या खोलीत बोलले नव्हते. आज बोलते आहे.

तर हा जंतू कसा शिरतो ते ऐका, कारण ह्याच बाबतीत आपले सर्वांत जास्त गैरसमज आहेत. फुप्फुसाचा क्षय असलेला, औषध न घेतलेला माणूस खोकतो, तेव्हा इतके सूक्ष्म तुषार उडतात की ते खाली पडत नाहीत, बंद खोलीत तासन्‌तास तरंगतात. आपण श्वासाबरोबर ते ओढतो. नाकातले केस, घशातला चिकटा, श्वासनळीतली ती बारीक लव, जी सारखी घाण वर ढकलत असते, ह्या सगळ्या चाळण्या चुकवून ते थेट फुप्फुसाच्या टोकाला वायुकोशात पोचतात. तो ताटवाटीतून येत नाही. तांब्यातून येत नाही. साडीतून, गोधडीतून, हातात हात घेतल्याने येत नाही. माझे ताट, माझा तांब्या सासूबाईंनी वेगळा काढला, आणि रात्री मात्र थंडी म्हणून सगळी खिडक्यादारे लावून आम्ही सात माणसे एका खोलीत निजायचो! ताट वेगळे केल्याने काही वाचत नव्हते. खिडकी उघडली असती तर वाचले असते. सासूबाईंना दोष देत नाही, त्यांच्या आईने त्यांना जे सांगितले तेच त्या करीत होत्या. आणि माझे ताट त्या स्वतः घासायच्या, मला उठू देत नव्हत्या, तेही सांगायला हवे.

वायुकोशात काय होते? तिथेही गिळणारे शिपाई बसलेले असतात. ते ह्या जंतूलाही गिळतात. पण ह्याच्या अंगावर मेणासारखे जाड कवच असते. तो शिपायाच्या पोटात विरघळत नाही, उलट तिथेच बिऱ्हाड करतो आणि वाढतो. घाईने नाही. इतर जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात, हा जवळजवळ वीस तास घेतो. गडबड नाही, गोंधळ नाही. म्हणून आपल्यालाही आठवडेच्या आठवडे कळत नाही. यथावकाश चौकीवर बातमी जाते, शिकलेल्या पेशी येतात, आणि त्या सगळ्या मिळून जंतू बसलेल्या जागेला गराडा घालतात. मारता येत नाही तर कोंडून तरी ठेवू, असा हिशेब. ती एक बारीक गाठ होते आणि जंतू आत निजून राहतो.

आता हे नीट ऐका, मला ह्याने फार आधार आला. ज्यांच्या अंगात हा जंतू शिरतो त्या दहा जणांतल्या नऊ जणांना जन्मात कधी क्षय होत नाही. कुंपण टिकते. ह्या खोलीतही कोणाकोणाच्या छातीत तो निजलेला असेल आणि तिला पत्ताही नसेल. दहातल्या एकाचे कुंपण ढासळते. पोटभर अन्न नसले, मधुमेह झाला, एड्सचा विषाणू अंगात असला, तंबाखू-विडी असली की ढासळायचा संभव वाढतो. मला मधुमेह नव्हता. पण मी सर्वांचे झाल्यावर जेवत होते आणि तव्यावर जे उरेल ते खात होते. आपल्यात कितीजणी असे जेवतात ते मला विचारायला नको.

कुंपण ढासळले की गाठीच्या आतला भाग नासतो, फाटलेल्या दुधासारखा होतो, आणि श्वासनळीकडे तोंड फुटते. मग खोकला, बेडका, रक्त. संध्याकाळचा ताप आणि रोडावणे हे मात्र जंतूपेक्षा आपल्याच लढाईने होते. शिपायांनी सोडलेली द्रव्ये मेंदूला सांगतात की अंगाची ऊब वाढव, भूक बंद कर. थोडे दिवस हे ठीक असते. महिनोन्‌महिने लढाई चालली की शरीर आपलेच मांस जाळते. माझे नऊ किलो असे जळाले.

हे ऐकताना तुम्हाला आनंदीबाई जोशी आठवल्या असतील. मला तर फार आठवल्या. चौदाव्या वर्षी बाळ झाले, ते दहा दिवसांत गेले, म्हणून डॉक्टर व्हायचे ठरवून ही मुलगी 1883 साली अमेरिकेला गेली. 11 मार्च 1886 ला पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या, त्याच रमाबाई ज्यांनी पुढे आपल्या दौंड तालुक्यात केडगावला मुक्तिमिशन उभारले. आणि पदवी घेऊन आल्यावर थोड्याच महिन्यांत, 26 फेब्रुवारी 1887 ला, आनंदीबाई पुण्यात क्षयाने वारल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. आता हे बघा. क्षयाचा जंतू जर्मनीत रॉबर्ट कॉख ह्या डॉक्टरने 24 मार्च 1882 ला जाहीर केला होता. म्हणजे आनंदीबाईंना पदवी मिळाली तेव्हा चोर कोण ते चार वर्षांपूर्वीच कळले होते. पण त्याला मारणारे औषध नव्हते. पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसीन, सापडले 1943 साली, त्या गेल्यावर छप्पन वर्षांनी. त्या स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांच्याकरता औषध नव्हते. मी सातवी झालेली, आणि माझे औषध सरकारी दवाखान्यात फुकट, घरपोच. गोळी हातात घेतली की मला हे वाटायचे. लेकीच्या पुस्तकात धडा होता, तिने मला तो दोनदा वाचून दाखवला.

पूर्वी क्षयाच्या माणसाला घरापासून दूर, चांगल्या हवेच्या ठिकाणी आरोग्यधामात ठेवीत. मग मद्रासला 1956 साली एक केंद्र निघाले आणि तिथे त्यांनी करून पाहिले की निम्मे रोगी आरोग्यधामात आणि निम्मे आपल्या घरी, औषध दोघांना सारखे. घरी राहिलेले, तेही दाटीवाटीत आणि साधे खाऊन राहिलेले, जवळपास तितकेच बरे झाले. आणि त्यांच्या घरच्या माणसांना जास्त क्षय झाला नाही. म्हणजे घर सोडायला नको, औषध सोडायला नको. आज मी घरी राहून बरी झाले ती त्या मद्रासच्या लोकांमुळे.

औषधाचे सांगते. वजनाप्रमाणे मला रोज तीन गोळ्या होत्या. पहिले दोन महिने चार औषधे एका गोळीत, पुढे कमी. पहिल्या दिवशी लघवी शेंदरासारखी लाल झाली आणि मी घाबरून रडायलाच लागले. ते औषधाचे असते, काही होत नाही, पण आधी कोणी सांगितलेले बरे, म्हणून मी सांगते. मळमळायचे, सांधे दुखायचे. गोळ्या नीट घेतल्या की साधारण दोन आठवड्यांत आपल्यापासून दुसऱ्याला व्हायची भीती पुष्कळ कमी होते. घरच्या सर्वांची तपासणी झाली. दिराचा तीन वर्षांचा मुलगा माझ्याच मांडीवर वाढला, त्याला रोग नव्हता तरी सहा महिने गोळी दिली, कारण लहान पोरांची चौकी अजून कच्ची असते आणि त्यांच्यात तो मेंदूपर्यंत जातो. जन्मल्यावर दंडावर टोचतात ती बीसीजी, 1921 पासूनची लस, लहानपणच्या ह्या भयंकर क्षयापासून पुष्कळ जपते. मोठेपणी फुप्फुसाच्या क्षयाला तिचा तितका भरवसा नाही. माझ्या दंडावर तिचा वण आहे आणि तरी मला झाला.

आता माझी चूक. मार्चपर्यंत खोकला गेला, भूक आली, वजन वाढले. होळीला पुरणपोळी केली. मला वाटले झाले आता, कशाला रोज मळमळ. गोळ्या मी पिठाच्या डब्यात लपवायला लागले. आठ दिवस. आशाताईंनी रिकामी पाकिटे मोजली आणि त्यांना कळले. त्या रागावल्या नाहीत. बांधावर नेऊन त्यांनी मला लव्हाळा उपटून दाखवला. म्हणाल्या, “वरून खुरपला तर रान स्वच्छ दिसते ना? आणि ही खालची गाठ?” लव्हाळ्याशी आपली सर्वांची जन्माची ओळख. मला पुढे सांगावे लागले नाही. जागे असलेले जंतू पहिल्या दोन महिन्यांत मरतात, म्हणून बरे वाटते. निजलेले, चिवट असे मागे राहतात, त्यांच्यासाठी पुढचे महिने असतात. अर्ध्यात सोडले तर त्यातले जे औषधाला पुरून उरतात त्यांचीच पुढे बीजवाढ होते, आणि मग साध्या गोळ्यांना ते मोजत नाहीत. तो क्षय घरच्या माणसांना गेला तर त्यांच्याही साध्या गोळ्या चालत नाहीत. मी आठ दिवसांत हे करून ठेवले असते. त्या रात्री दिराच्या पोराकडे बघून मला झोप आली नाही.

सुटलेले दिवस पुढे भरून घेतले. तुकोबांची पालखी आली तेव्हा माझ्या गोळ्या संपायला आठवडा राहिला होता. दरवर्षी मी वारकऱ्यांसाठी भाकरी थापते. त्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, “तू नको बसूस परातीशी, पाप लागेल.” मी दवाखान्यात जाऊन विचारले. तिथले म्हणाले, “बाई, तुमचा बेडका स्वच्छ आला आहे, आणि क्षय काही भाकरीतून जात नाही. खुशाल थापा.” मी येऊन सासूबाईंना सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग स्वतःच पीठ चाळून माझ्यापुढे ठेवले. माझा वेगळा तांब्या त्या दिवशी मांडणीवर सगळ्यांच्या तांब्यांत गेला. आता कोणता माझा ते मलाही ओळखू येत नाही.

हे आज सांगायचे कारण. चार दिवसांपूर्वी गिरणीत दळण घेऊन गेले होते. आपल्यातलीच एक जण पदर तोंडाशी घट्ट धरून खोकत होती. मी पाहिले तशी ती पाठमोरी झाली. नाव मी घेणार नाही, आणि कोणी मान वळवून इकडेतिकडे बघू नका. ती इथे बसली आहे का, तेही मी सांगणार नाही. तिला एवढेच. बाई, मी ते सगळे केले आहे, पदर धुतला आहे, पित्त सांगितले आहे, गोळ्या पिठात लपवल्या आहेत. तपासणी फुकट, गोळ्या फुकट. माझ्या वेळी खाण्यासाठी महिन्याला 500 रुपये खात्यात येत, नोव्हेंबर 2024 पासून त्याचे 1000 झाले आहेत. आशाताई मंगळवारी आमच्या आळीत येतात. त्यांच्याकडे जायला संकोच वाटला तर माझ्याकडे ये, परसाकडचे दार दुपारी उघडेच असते. थुंकीची डबी मी आणून ठेवली आहे. बुधवारी मला तशीही दवाखान्यात सासूबाईंची रक्तदाबाची गोळी आणायची आहे, आपण एकाच रिक्षाने जाऊ.

मैत्रिणींनो, माझे संपले. ही खिडकी कोणी लावली? उघडा ती, तीसजणी बसलो आहोत आपण.